झोळीतला दहाचा फरक

वाड्यात राहत होतो तेव्हा तुळईला कड्या होत्या. एरवी त्यांना झोपाळा, घरात बाळ आलं की पाळणा, आणि बाळ शाळेत जायला लागलं की पुन्हा झोपाळा. कडी कुणी ठोकली, कधी ठोकली, तिला किती वजन झेपतं, असले प्रश्न कुणाला पडत नसत. आता आम्ही पुण्यातच, पण फ्लॅटमध्ये राहतो. लेक बाळंतपणाला यायची ठरली तेव्हा हिनं छताकडे बघत विचारलं, "अहो, झोळी कशाला बांधायची?"

"तेच म्हणतो मी," मी म्हणालो. "कशाला?"

तिला 'कुठल्या वस्तूला' असं विचारायचं होतं, हे मला तिच्या नजरेवरून कळलं. दुसऱ्या दिवशी ड्रिलवाला आला. त्यानं छतावर दोनदा बोटानं टकटक केलं आणि मान हलवली. "काका, हे पीओपी आहे. हूक स्लॅबमध्ये गेला पाहिजे. नाही तर बाळाच्या आधी छत खाली येईल." हा आमच्या घरातला पहिला हूकचा नियम. इंग्लंडातल्या हूकचा नियम पुढं आडवा यायचा होता.

स्प्रिंग हिनं बोहरी आळीतून आणली. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, चकचकीत. वेटोळी एकमेकांना इतकी चिकटलेली की मधे पोस्टकार्डही शिरणार नाही. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी तेव्हा ठेवलं नाही, म्हणून हा लेख लिहायची वेळ आली.) आतून एक जाड दोरी ओवलेली, स्प्रिंग तुटलीच तर बाळ तिच्यावर तरावं म्हणून. सासूबाईंची जुनी सुती नऊवारी धुऊन धुऊन लोण्यासारखी झाली होती, तिची झोळी झाली. तीन महिन्यांचा, बरोबर सहा किलोचा नातू त्यात ठेवला तशी स्प्रिंग पंचवीस सेंटीमीटर लांबली, आणि नातू खालीवर, खालीवर व्हायला लागला. आमच्या वेळचे पाळणे बाजूला झुलायचे. हा लिफ्टसारखा चालतो. नातवाची तक्रार नव्हती. पाच मिनिटांत त्याचे डोळे मिटले.

माझे मात्र उघडले. समोर स्प्रिंग, खाली वजन, आणि ते हलतंय. हे दृश्य मी यापूर्वी एकदा पाहिलं होतं आणि तेव्हा घाम फुटला होता.

मी बारावी सायन्स आहे. हे वाक्य मी सहसा इथंच थांबवतो, कारण पूर्ण केलं तर 'आणि नंतर कॉमर्सला गेलो' असं म्हणावं लागतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला मला स्प्रिंग आली होती. स्टँडला टांगलेल्या स्प्रिंगला पन्नास-पन्नास ग्रॅमच्या चकत्या अडकवायच्या, जरा खाली ओढून सोडायचं, वीस हेलकाव्यांना लागलेला वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा आणि तक्त्यात भरायचा. आम्ही रीडिंग घेत नसू, रीडिंग बसवत असू. आदल्या वर्षीच्या एखाद्या हुशार मुलीचं जर्नल मिळवायचं, तिचं उत्तर बघायचं आणि तिथून उलटं चालत यायचं. पुढं आयुष्यभर लेखा विभागात नोकरी केली, तिथं या शिक्षणाचा उपयोग झाला नाही असं म्हणवत नाही.

एक्सटर्नल आले. त्यांनी जर्नल चाळलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"अँप्लिट्यूड डबल केला, तर टाइम पीरियडचं काय होईल?"

"डबल होईल, सर."

माझा विचार सरळ होता. स्वारगेटहून सातारा जेवढं लांब, त्याच्या साधारण दुप्पट कोल्हापूर. म्हणून कोल्हापूरला दुप्पट वेळ लागतो. सरांनी पुढं काही विचारलं नाही. ही चांगली खूण आहे असं मला निकाल लागेपर्यंत वाटत होतं.

अँप्लिट्यूडला मराठीत 'आयाम' म्हणतात. हा शब्द आपण रोज वाचतो, पण पदार्थविज्ञानात नव्हे, अग्रलेखात. कुठल्याही प्रश्नाला तिथं अनेक आयाम असतात आणि गुरुवारपर्यंत त्याला नवा आयाम मिळतो. प्राणायामातही तो आहे, पण तिथं आपण श्वासाच्या नादात त्याला विसरतो. त्यात हेलकाव्याला संस्कृतात आंदोलन म्हणत असल्यामुळं 'आंदोलनाचा आयाम' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला मोर्चाला किती माणसं होती हे सांगताहेत असंच वाटावं. स्प्रिंगच्या बाबतीत अर्थ अगदी साधा आहे. वस्तू जिथं स्वस्थ लटकते, त्या जागेपासून ती जास्तीत जास्त किती दूर जाते, तो आयाम. बस.

तर मी ठरवलं की नातवाचा आयाम काढायचा. निवृत्त माणसाला सकाळी अकरा ते एक या वेळात करण्यासारखं फार नसतं.

झोळीमागच्या भिंतीवर शिंप्याची टेप चिकटवली. झोळीच्या बुडाशी, बाळापासून लांब, एक सेफ्टी पिन काटा म्हणून लावली. डोळा काट्याच्या पातळीत हवा, नाही तर रीडिंग चुकतं, एवढं प्रॅक्टिकलमधलं आठवत होतं. काट्याची पातळी जमिनीपासून बासष्ट सेंटीमीटर. माझ्या डोळ्याची पातळी तिथं आणण्यासाठी मला चटईवर गुडघे टेकून, मान वाकडी करून बसावं लागलं. दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरचे देशमुख बूट काढता काढता थांबले आणि 'नंतर येतो' म्हणून गेले.

हिनं झोळी जरा खाली ओढून सोडली. काटा खाली बावन्नवर, वर बहात्तरवर. वर आणि खाली तो क्षणभर थांबतो, त्यामुळं वाचायला सोपं जातं. मधून मात्र सुसाट जातो. मी जाहीर केलं, "आयाम, वीस सेंटीमीटर."

"बाबा, दहा," आतून जावई म्हणाले. ते शनिवार-रविवार मुंबईहून येतात. "मधल्या जागेपासून मोजायचा. टोकापासून टोकापर्यंत घेतलात की दुप्पट होतो. सगळे हीच चूक करतात."

'सगळे' या शब्दानं त्यांनी माझी अब्रू राखली, हे मान्य करतो. आणि मला ते लगेच पटलंही. बासष्ट ही शिल्लक. तिच्या खाली दहा नावे, वर दहा जमा. दोन्ही मिळून वीस कोण धरतो? मीच जन्मभर दुसऱ्यांना हे समजावत आलो होतो.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण जावई इंजिनियर. इंजिनियर माणसाला टेपनं मोजलेलं उत्तर म्हणजे वशिल्यानं लागलेली नोकरी वाटते. ते म्हणाले, "परीक्षेत टेप देत नाहीत. वस्तू अमुक ठिकाणी आहे आणि तिथं तिचा वेग अमुक आहे, एवढंच सांगतात, आणि म्हणतात आयाम काढा."

रीत अशी. काटा मधल्या जागेपासून किती लांब आहे तो एक आकडा. त्या क्षणीचा वेग भागिले झोळीची लय, हा दुसरा. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. म्हणजे पायथागोरसच, काटकोन त्रिकोण नसलेल्या खोलीत. जावयांनी मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ घेतला, चौकटी मोजल्या, आणि सांगितलं की काटा सहा सेंटीमीटर खाली असताना सेकंदाला बेचाळीस सेंटीमीटर वेगानं जातोय.

आता लय हवी. त्याचंही सूत्र निघालं. वजन टांगल्यावर स्प्रिंग जेवढी लांबते, त्या लांबीवरून एका हेलकाव्याचा वेळ निघतो. नातू किती किलोचा आहे हे माहीत नसलं तरी चालतं! सूत्राच्या सुरुवातीलाच 'दोन पाय' आहे. मी झोळीबाहेर आलेले दोन पाय पाहून म्हटलं, हे तर दिसताहेतच. जावई हसले नाहीत. त्या विनोदाला आयाम कमी पडला असावा. लांबी मीटरमध्ये, भागिले नऊ पूर्णांक आठ, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन पाय. पंचवीस सेंटीमीटरसाठी उत्तर आलं बरोबर एक सेकंद. मिनिटाला साठ हेलकावे. इतकं देखणं उत्तर मी आयुष्यात कुठल्याही ताळेबंदात पाहिलं नव्हतं.

दोन पाय भागिले हा एक सेकंद, ही झाली लय. ती घालून जावयांनी आयाम काढला. आला नऊ.

टेप म्हणते दहा, गणित म्हणतं नऊ. जावई म्हणाले, "एवढा फरक चालतो, बाबा." मी म्हटलं, चालत नाही. एक रुपयाचा फरक मिळेना म्हणून रात्री आठपर्यंत कचेरीत बसलेला माणूस मी. इथं तर दहातला एक गेलाय. पण जेवणाची पानं मांडली होती, म्हणून तेव्हा विषय थांबला.

दुपारी ही जरा आडवी झाली आणि झोळीची दोरी माझ्याकडे आली. हिची पद्धत अशी की दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचं आणि हातानं मेथी निवडायची. अंगठा तेवढा हलत असतो. मी म्हटलं, आपण शास्त्रशुद्ध करू. हेलकावा एक सेकंदाचा आहे, भिंतीवरचं घड्याळ सेकंदाला एकदा टिकटिकतं, तर प्रत्येक टिकला एक हलका झटका द्यायचा.

पहिले तीन सेकंद सुरेख गेले. झोळी वाढत वाढत डुलायला लागली. मग काय झालं कळेना, ती मंदावत मंदावत जवळजवळ थांबली. पुन्हा वाढली. पुन्हा थांबली. दर सहा सेकंदांनी हा प्रकार. मी जोर वाढवला, तशी ती आणखी वाढायची आणि आणखी जोरात रुसायची. चौथ्या फेरीला नातवानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला बारावीचे एक्सटर्नल दिसले. मग त्यानं भोकाड पसरलं.

ही उठून आली. तिनं न बोलता दोरी घेतली, एक-दोनदा झोळीकडे पाहिलं, आणि झोळी वरून खाली यायला लागली की अंगठा, वरून खाली यायला लागली की अंगठा. मिनिटभरात नातू गप्प. घड्याळाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

मी मग हातावरचं घड्याळ लावून हेलकावे मोजले. पन्नास. पुन्हा मोजले. पन्नास. मी साठच्या लयीत ओढत होतो आणि झोळी पन्नासच्या लयीत चालत होती. कधी दोघांचं जमायचं, कधी मी नेमका उलटा पडायचो. मिनिटाला दहाचा फरक, म्हणून मिनिटात दहा वेळा समेट आणि दहा वेळा भांडण. सहा-सहा सेकंदांचा हिशेब जुळला. मूळ फरक मात्र तसाच राहिला. दहा हेलकावे गेले कुठं?

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात एवढी चांगली झोळी असून.

सकाळी सगळे झोपेत असताना मी झोळी सोडून ठेवली आणि स्प्रिंगला एक किलो साखरेची पिशवी अडकवली. नियमाप्रमाणे स्प्रिंग लांबायला हवी. जितकी ओढ, तितकी लांबी. स्प्रिंग ढिम्म. केसाएवढीही हलली नाही. मी पिशवीवर बोटानं दाबून पाहिलं, वर हूक तपासला, पुन्हा पाहिलं. एक किलो साखर टांगली आहे याची त्या स्प्रिंगला दखलच नव्हती. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. माझं गणित बरोबर होतं, माल खराब होता.

दहा वाजता दुकान उघडल्या उघडल्या मी बोहरी आळीत. स्प्रिंग काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "एक किलो लावलं तर हलत नाही."

दुकानदारानं स्प्रिंग उचलली, डोळ्याजवळ धरली, परत ठेवली. "काका, साखर झोपवायचीय का?"

मी गप्प.

"ही वळतानाच आवळून वळतात. वेटोळी एकमेकांना धरून बसलेली असतात. आधी ती पकड सुटली पाहिजे, मग स्प्रिंग ताणायला लागते. सैल वळली तर बाळ नुसतं लोंबेल ना." त्यानं माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "दोन किलो लावा. मग हलते का बघा."

घरी येऊन दोन किलो लावले. स्प्रिंग जेमतेम सेंटीमीटरभर लांबली. मग पाच किलोची कणकेची पिशवी लावली. एकोणीस सेंटीमीटर. म्हणजे तीन किलो वाढले की अठरा सेंटीमीटर वाढतात. किलोला सहा. हा या स्प्रिंगचा खरा भाव.

किलोला सहा, तर सहा किलोला छत्तीस. नातू ठेवल्यावर दिसली होती पंचवीस. उरलेली अकरा सेंटीमीटर कुठं? ती स्प्रिंगमध्येच होती, वळणाऱ्यानं आधीच भरलेली, वेटोळ्यांच्या आत आवळून ठेवलेली. कारखान्यातून येतानाच ही स्प्रिंग पावणेदोन किलोहून थोडा जास्तच ताण पोटात घेऊन आली होती आणि मी तिला कोरी वही समजून पहिल्या पानापासून हिशेब मांडला होता. तीस वर्षं लेखा विभागात काढलेला माणूस आरंभीची शिल्लक धरायला विसरला!

सूत्रात पंचवीसच्या जागी छत्तीस घातले. एक सेकंद आणि वर जरासं, एक पूर्णांक दोन. मिनिटाला पन्नास. मग जावयांचं गणित पुन्हा केलं. एक आकडा सहा, वेग भागिले नवी लय हा दुसरा, तो आला आठ. छत्तीस अधिक चौसष्ट शंभर, वर्गमूळ दहा. टेपचेही दहा. मी जावयांना फोन केला. ते मीटिंगमध्ये होते, तरी सांगितलं.

'जितकी ओढ, तितकी लांबी' हे सांगणारा माणूस रॉबर्ट हूक. हा गृहस्थ माझ्या स्वभावाचा वाटतो. घड्याळात स्प्रिंग बसवायची कल्पना आधी कुणाची, यावरून त्याचं हॉलंडच्या हायगेन्सशी वाजलं होतं. नियम सापडला तर होता, पण सांगितला तर दुसरा कुणी पळवील ही धास्ती. म्हणून १६७६ साली त्यानं तो लॅटिनमध्ये मांडून त्याची चौदा अक्षरं वर्णानुक्रमानं लावून छापली. जगानं बसावं जुळवत. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यानं स्वतःच उत्तर फोडलं. गोपनीय फाइलवर 'गोपनीय' असं मोठ्या अक्षरांत लिहून ती टेबलावर ठेवणारे साहेब मी पाहिले आहेत, त्यांचीच ही जात. पुढं न्यूटनशीही त्याचं पटलं नाही. १७०३ मध्ये हूक वारला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आज हूकचं खात्रीनं त्याचंच म्हणता येईल असं एकही चित्र उरलेलं नाही. नियम तेवढा उरला, आणि बोहरी आळीत तोही आरंभीची शिल्लक धरूनच चालतो.

आता एकच परीक्षा राहिली होती, एक्सटर्नलची. रविवारी जावई आले तेव्हा आम्ही कणकेची पिशवी झोळीत ठेवली. नातवावर प्रयोग करायला हिची बंदी होती आणि ते बरोबरच होतं. पाच सेंटीमीटर ओढून सोडली आणि मिनिटभर हेलकावे मोजले. मग दहा ओढून सोडली आणि मोजले. आकडा तोच. पाचला जेवढे, दहाला तेवढेच. एकाचाही फरक नाही. कारण समजावून घेतलं तर सोपं आहे. दुप्पट ओढली की स्प्रिंग दुप्पट जोरानं परत खेचते, वस्तू दुप्पट वेगानं पळते, आणि दुप्पट अंतर तेवढ्याच वेळात कापते. कोल्हापूरची एसटी असं करत नाही, यात सरांचा दोष नव्हता.

इथं थांबायला हवं होतं. जावई म्हणाले, "बाबा, पंचवीस ओढून बघू." स्प्रिंग लांबली आहे एकोणीस, आणि आम्ही तिला वर पंचवीस जायला सांगणार, हे दोन शिकलेल्या माणसांच्या लक्षात यायला हवं होतं. पिशवी सोडली. ती वर गेली. वेटोळी सगळी मिटली आणि खट्ट असा आवाज झाला. स्प्रिंग जिथल्या तिथं थांबली, कणिक मात्र हूकचा नियम सोडून न्यूटनच्या नियमानं वर जात राहिली. पिशवीचं तोंड मी रबरबँडनं बांधलं होतं. पुढचं वर्णन करत नाही. आठवडाभर टीव्हीच्या मागून कणिक निघत होती. झोळी लांबली आहे त्यापेक्षा जास्त ओढू नये, हा धडा मात्र खरा आहे. ज्यांच्या घरी स्प्रिंगची झोळी आहे त्यांनी तो कणकेशिवाय घ्यावा.

कणिक झाडताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दोलनकाळ, म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ, ठरवतात स्प्रिंग आणि नातू. तिथं कुणाचं चालत नाही. आयाम मात्र ना स्प्रिंगच्या हातात, ना नातवाच्या. तो ओढणाऱ्याचा. म्हणून पुस्तकातल्या उदाहरणात नेहमी 'अमुक इतकी ओढून सोडली' असं आधी सांगावं लागतं. ओढणारा कोण हे पुस्तक कधीच सांगत नाही.

शिवाय एकदा ओढून भागतही नाही. मी मोजलं होतं, नुसती सोडून दिली तर बारा हेलकाव्यांत दहाचे पाच होतात, पुढच्या बारांत पाचाचे अडीच. उरलेल्या किमतीवर घसारा, दर हेलकाव्याला साधारण साडेपाच टक्के. काही हवेत जातो, काही हुकाच्या कुरकुरीत, काही कापडात, काही नातवाच्या गुबगुबीत अंगात. म्हणजे दहाचा आयाम दहावर ठेवायचा तर प्रत्येक खेपेला अर्धा-पाऊण सेंटीमीटर कुणी तरी नेमक्या वेळी भरत राहायला हवं. ते काम हिचा अंगठा करत होता. मेथी निवडता निवडता, मालिका बघता बघता, एकदा तर बसल्या जागी पेंगता पेंगता. मी तिला विचारलं, "नेमकं केव्हा ओढायचं हे तुला कसं कळतं?"

"म्हणजे काय? दोरी सांगते की," ती म्हणाली.

जावई याला रेझोनन्स म्हणतात.

लेक सासरी गेली तेव्हा स्प्रिंग बरोबर द्यायचं ठरलं होतं, पण मुंबईच्या त्यांच्या घरात छताला भोक पाडायची परवानगी नाही. त्यामुळं ती इथंच, हुकाला. दिवाळीला नातू येणार म्हणून मी आधीच वहीत मांडून ठेवलं. वजन, नऊ किलो. किलोला सहाप्रमाणे चोपन्न, वजा आरंभीची शिल्लक अकरा, दिसणारी लांबी त्रेचाळीस. हेलकावे मिनिटाला एक्केचाळीस. आयाम, रिकामा रकाना.

नातू आला. झोळीत ठेवला. लांबी त्रेचाळीस. आता तो हळू हळू, भारदस्तपणे खालीवर होतो, वजनदार माणसानं व्हावं तसा. मी घड्याळ लावून मोजले. एक्केचाळीस. पुढं बरोबरची खूण केली आणि सही करून तारीख घातली.

आयामाचा रकाना अजून रिकामाच आहे. चकल्या करताना सोऱ्या पायावर पडून हिचा अंगठा सुजला होता.